पर्लीनमावशीची गोळी

नॅशव्हिल,
मंगळवार, ७ मे

प्रिय आजी,

तुझे गुडघे कसे आहेत? मी ठीक. तू ट्रकवाल्या मार्लोच्या हाती पाठवलेला केक दोन दिवसांत फस्त झाला. हे पत्रही त्याच्याच हाती देतेय, म्हणजे दुपारपर्यंत तुला मेरिडियनला पोचेल. फोनवर तीनदा प्रयत्न केला, पण तू 'बोला आमच्या डॉक्टरीणबाई' म्हणून सुरुवात करतेस आणि माझी बोबडी वळते.

रविवारी चर्चमध्ये कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना कौतुकासाठी उभं करणार, म्हणून पांढरा कोट इस्त्री करून आण म्हणतेस. ते राहू दे. आधी शेजारच्या पर्लीनमावशीचं ऐक.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. अंगातलं पाणी उतरायच्या गोळीने सारखं बाथरूमला पळावं लागतं, चर्चमध्ये गाताना पंचाईत होते, बंद करू का? मी म्हटलं, कर बंद थोडे दिवस. काल पुन्हा फोन. पाय सुजलेत, आडवं झालं की धाप लागते. मी म्हटलं, "मावशी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा." तर म्हणते, "त्या लोकांना काय कळतंय माझ्या जिवाचं? माझी डॉक्टर घरची आहे." आणि हसली. तेव्हाही माझ्याच्याने खरं बोलवलं नाही.

आजी, मी डॉक्टर होणार नाही. जानेवारीत कॉलेजने मला काढलं. एकाच परीक्षेत दोनदा नापास झाले. तेव्हापासून विमानतळाजवळच्या एका हॉटेलात काउंटरवर उभी असते.

अभ्यासात कसूर केली नाही. पहिल्याच महिन्यात मागे पडले होते, पण वर्गात एकदाही हात वर केला नाही. नव्वद जणांत आपल्यातल्या आम्ही दोघीच. शाळेच्या दारात माझ्या वेण्या सारख्या करताना तू 'दुप्पट' एवढंच म्हणायचीस. गोऱ्या पोरांपेक्षा दुप्पट, हे मला न सांगता कळायचं. पण दुप्पट हुशार पोरीने 'मला समजलं नाही' कसं म्हणायचं, ते तू कधी शिकवलं नाहीस. हो, रागावूनच लिहितेय. तुला ज्या शाळेने दारातून परत पाठवलं, तिथलं तुझं राहिलेलं सगळं शिक्षण मीच करून दाखवायचं होतं. जीव तोडून केलं गं. नाही झालं.

तुला मला जे काय बोलायचं असेल ते रविवारी बोल. मी येणार आहे, आणि उभं केलं तर सगळ्यांसमोर सांगणार आहे.

आत्ता मात्र हे पत्र खाली ठेव आणि मावशीला घेऊन इमर्जन्सीत जा. ती नाही म्हणेल. मग तिला सांग, जनेसा खोटं बोलली, ती डॉक्टर नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तरच ती घराबाहेर पाऊल टाकेल.

तुला हे बोलायला लावणारी,
तुझीच
जनेसा