बिनप्रथिनाची बाटली

४ मे
भाची मैत्री दोन बाटल्या माझ्या गळ्यात मारून गेली! तिच्या प्रयोगशाळेत विजेचं काम निघालंय म्हणे. आत डायटम — समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव, उजेडावर जगणारे. त्यांच्यात एक प्रथिन असतं. उजेड कमी असला तर गोळा करतं, जास्त झाला तर उष्णता करून बाहेर टाकतं. एक नंबरमध्ये ते आहे, दोन नंबरमधल्यांतून काढून टाकलंय.
"मामा, आठ दिवस सावलीत ठेव. माझी पीएचडी आहे ह्यात!"

५ मे
एक नंबर चहासारखी तपकिरी. दोन नंबर फिकट. उपाशी असणार बिचारी! पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय — मला कोण अक्कल शिकवणार? दोन नंबर दुपारभर पडवीच्या कठड्यावर उन्हात ठेवली.

६ मे
मेली. पांढरीफटक. प्रथिन काढलेले जीव आणि श्रीवर्धनचं मे महिन्यातलं ऊन — पाचवीतल्या पोराला कळलं असतं!

७ मे
ओहोटीला खाडीवर गेलो. चिखलावर डायटमचीच तपकिरी साय धरते, ती चमच्याने खरवडली, खाऱ्या पाण्यात ढवळून गाळली, दोन नंबरमध्ये भरली. झकास रंग! बायको दारातच उभी.
"ह्या वयात चिखल खेळता व्हय?"
म्हटलं, कमळ, गप्प बस.

१२ मे
मैत्री आली. दोन नंबर हातात घेऊन बघतच राहिली. मी आपला आंब्याच्या फोडी पुढे करत राहिलो.

१५ मे
मैत्रीचा फोन. तिच्या पीएचडीच्या सरांनी तिच्या हातातून बाटली घेऊन स्वतःच प्रखर दिव्याखाली धरली — दोन नंबर ठणठणीत! "प्रथिन नसताना एवढा उजेड सोसतात! पणजीच्या परिषदेत मांड!" सगळ्यांसमोर जाहीर करून मोकळे. पोरीचा आवाज रडवेला. आनंदाने असेल.
जेवण गेलं नाही. उद्या कुणी तपासलं तर तिला लबाड म्हणतील. माझ्यामुळे! फार लाज वाटते.

१७ मे
कमळ म्हणाली, "तुमचं तोंडच सांगतंय. बोलून टाका." फोन केला. ऊन, चिखल, चमचा — सगळं ओकलो. ती एवढंच म्हणाली, "मामा, मी येते."

१८ मे
मैत्रीने आल्या आल्या कबूल केलं — दोन नंबर माझ्याकडे आली तेव्हाच मेलेली होती! तीच उन्हात विसरली होती. म्हणूनच माझ्या गळ्यात मारली; सरांना सांगणार होती — मामाने मारली. उद्या दोघं मिळून सरांकडे जायचंय. आधी कोण बोलणार, यावर भांडण चालू आहे.