माझ्या डोळ्याला गावकीची हरकत

चिरंजीव प्रज्योत यास,

ओळख लागते का बघ. मी येसूबाई. तुझ्या बापाची आई. नाकात मोरणी, कपाळावर गोंदण, गालावर तीळ. शिमग्याला तू घरी आला होतास तेव्हा ओटीवर बसले होते ती मीच. जाताना माझ्या पाया पडलास आणि म्हणालास, आजी, तुझा रिपोर्ट मी स्वतः फोन करून सांगीन. आठवतं? नसणारच. एवढी मोठी तुझी कंपनी, रोज तिथे हजारो माणसांचे डोळे येणार, त्यात एका म्हातारीचे दोन कुठे लक्षात राहायचे! म्हणून आधी खुणा सांगितल्या.

माझा आशीर्वाद तुला आहेच, तो रागावले म्हणून पातळ होत नाही. तब्येत कशी आहे? पित्त कमी झालं का? बंगळूरच्या आंबवलेल्या खाण्याने ते वाढणार हे मी सांगितलं होतं, पण मला कोण विचारतो. इकडे सगळे खुशाल. तुझा बाप ट्रेलर चालवतो आणि घरी आल्यावर रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलतो. तुझी आई दिपाली बरी आहे, हे पत्र तीच लिहिते आहे. मी बोलायचं, तिने लिहायचं, मग मी ते तिच्याकडून वाचून घ्यायचं, असं चाललंय. (ती माझी वाक्यं मऊ करून लिहिते. मला अक्षर येत नाही, पण मी एवढं बोलले आणि तिने एवढंसं लिहिलं तर ते डोळ्यांना दिसतं. डोळे अजून तेवढे आहेत.) फोन का केला नाही, असं विचारशील. केले. दर वेळी तू मीटिंगमध्ये. कागद कट करता येत नाही, म्हणून हे पत्र.

आता मुख्य गोष्ट. मी यंत्रांच्या विरुद्ध आहे असं तू मित्रांना सांगत फिरू नकोस. तुझ्या आजोबांची बरगडी मिठागरात मोडली तेव्हा एक्स-रे काढला होता, तो काळा कागद मी जपून ठेवला, आणि पुढे सूर्यग्रहण आलं तेव्हा अख्ख्या आळीने तुझ्या आजोबांच्या बरगड्यांमधून ग्रहण बघितलं. (आता म्हणतात तसं बघू नये. तेव्हा कोणी म्हणालं नाही.) तू पोटात होतास तेव्हा तुझ्या आईची सोनोग्राफी केली, मी बरोबर होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बघा आजी, हे डोकं, हे पाय. मला पाण्यात पडलेल्या सुकटीशिवाय काही दिसलं नाही, पण मी हो म्हणाले, कारण त्या बाई माझ्याकडे बघून बोलत होत्या. बुधाजी भावोजींना कंबरेसाठी त्या मोठ्या नळकांड्यात घातलं, तेव्हा चांदीचा करदोडा काढा म्हणाले. भावोजी म्हणाले, ह्यो लग्नापासनं निघाला न्हाय, आता तुमच्यासाठी काढू? शेवटी काढला, आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, आत कोनतरी पत्रा ठोकतंय. यंत्र चुकीचं होतं असं कोणी म्हणालं का? नाही. माझं भांडण यंत्राशी नाही. तुझ्याशी आहे.

शिमग्याच्या सुट्टीत तू तो कॅमेरा घेऊन आलास. दाढीच्या मशीनएवढा, पुढे भिंग, मागे मोबाईल. शाळेत कॅम्प लावलास, खिडक्यांना गोण्या टांगून अंधार केलास आणि लाऊडस्पीकरवर सांगितलंस की डोळ्यात थेंब न घालता आतल्या पडद्याचा फोटो निघतो, आणि फोटो बघून यंत्रच सांगतं कोणाला डॉक्टरची गरज आहे. लोक येईनात. मग आजीला पुढे केलंस. मी ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून आले. सगळं जग फोटो काढताना हस म्हणतं. तू म्हणालास, हलू नको, हिरव्या दिव्याकडे बघ. आणि फोटो काढलास तो बुबुळाच्या मागचा! अबोलीचं एक फूल त्यात आलं नाही. मला बघून मग बाकीच्या बायका आल्या. म्हणजे तुझा कॅम्प माझ्यामुळे झाला, हेही आठवत असेल तर आठव.

तू गेलास. रिपोर्ट बाबांच्या फोनवर येईल म्हणालास. आला. तुझा बाप तेव्हा बंदराच्या गेटबाहेर ट्रेलरच्या रांगेत बसला होता, आणि रांगेत बसलेल्या माणसाला सगळ्या जगाचा संशय येतो. अनोळखी नंबर, ना नमस्कार ना चमत्कार, नुसतं चित्र. तांबडी जमीन. तिच्यावर लाल लाल फाटे, भरतीला खाडी शेतात शिरते तसे. एका बाजूला पिवळाजर्द गोल. मधोमध काळपट डाग. भोवती पिवळे ठिपके, त्या ठिपक्यांना चौकोन, आणि वर लाल अक्षरात अर्जंट. तू विसरला असशील, पण आपल्या गावात वरून काढलेलं चित्र, त्यावर चौकोन आणि अर्जंट, याचा एकच अर्थ होतो. आधी ड्रोन येतो, मग चौकोन येतात, मग नोटीस येते, मग मातीचे डंपर. आपलं अर्धं मिठागर तसंच गेलं. तुझ्या बापाने ते चित्र गावकीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, जागे व्हा. (तुझा बाप गाढव आहे. हे वाक्य तुझ्या आईने जराही मऊ केलं नाही. फार सावकाश आणि वळणदार लिहिलं, मी बघत होते.)

गाव जागं झालं. संध्याकाळी देवळात सभा. बुधाजी भावोजींनी मोबाईल नाकाला लावून चित्र बघितलं आणि सांगितलं, ह्यो बांध माजा हाय, ह्या वळनावरनं मी भरतीचं पानी आत घेतो. समोरच्या आवडाबाईला पिवळ्या गोलात तेलाची टाकी दिसली, आणि टाकी नेमकी तिच्या परसात येत होती. तुझ्या वर्गातला हरेश्वर, मागच्या बाकावर झोपायचा तो, तो आता पुढे बसतो. त्याने बोट ठेवून समजावलं की काळा डाग म्हणजे आपल्या खाडीतलं तिवरांचं रान, ते भरून काढणार, आणि पिवळे ठिपके म्हणजे उरलीसुरली मिठागरं. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मी उठले आणि म्हणाले, चौकोन बघितलेत का? मेल्यांनी एक ठिपका सोडला न्हाय. टाळ्या पडल्या. ठरलं की तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा न्यायचा, गावकीची हरकत नोंदवायची आणि म्हाताऱ्या बायकांनी पुढे राहायचं, कारण म्हाताऱ्या बायकांना कोणी ढकलत नाही.

हरेश्वरने चित्राचा फ्लेक्स केला. दाराएवढा. खाली ‘इंचभर देणार नाही’, आणि कोपऱ्यात हात जोडलेला हरेश्वर. फ्लेक्स म्हटला की कोपऱ्यात हरेश्वर असतोच, गणपतीच्याही असतो. या वेळी त्याने आपलं तोंड नेमकं जिथे चिकटवलं तिथे खाली बारीक अक्षरात इंग्रजीत माझं नाव होतं. एवढा चेहरा मोठा करायची हौस नसती तर तिथेच भानगड मिटली असती.

उन्हातान्हात चालत गेलो. पुढे बायका, बायकांच्या पुढे मी, माझ्या डोक्यावर माझा डोळा. मी घसा फोडून ओरडत होते की आमचा तुकडा तुमच्या बापाचा नाही. कचेरीतला साहेब पोरगेलासा, पण सभ्य. आपण होऊन बाहेर आला, फ्लेक्ससमोर उभा राहिला, चष्मा काढून पुसला, परत घातला. हा नकाशा कुठे मिळाला, असं त्याने विचारलं. हरेश्वर म्हणाला, आमची माणसं सगळीकडे आहेत. साहेब हळूच म्हणाला, माझ्या आईकडे पण असाच आहे. तर भावोजी पुढे झाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, म्हंजे तुमची बी गेली?

‘न्हाय बाबा’ असं काही तो म्हणाला नाही, तो शुद्ध बोलतो. म्हणाला, जमीन नाही हो ही. हा डोळ्याचा पडदा आहे. माझ्या आईला साखर आहे, तिच्या डोळ्यात असेच पिवळे ठिपके आलेत. ज्याचा कोणाचा हा डोळा असेल त्याला आधी दवाखान्यात न्या, हरकत मग घ्या. तुझ्या बापाने खिशातून मोबाईल काढला, मूळ चित्र बोटांनी ताणलं, खालचं नाव वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. मोर्चाचा लाऊडस्पीकर चालूच होता, त्यामुळे तुझ्या बापाचं ‘आये, तू हायस ही’ कचेरीभर घुमलं. भावोजी अजून म्हणतात, डोळा असंल, पन बांध माजाच.

प्रज्योत, लोक हसले, मीही हसले. तिथे न हसून सांगते कोणाला. पण घरी येऊन मी बसले तेव्हा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. माझा डोळा चाललाय ही बातमी मला कोणी सांगितली? फ्लेक्सने! तुझ्या यंत्राला कळलं, यंत्राने अर्जंट लिहिलं, ते बंगळूरहून निघून तुझ्या बापाच्या रांगेत पोचलं, गावकीत फिरलं, दाराएवढं झालं, आणि ज्या बाईचा डोळा तिलाच सगळ्यात शेवटी. एवढं आतलं बघणारी यंत्रं काढलीत, मग बघून झाल्यावर माणसाला सांगायचं कोणी, हे काही काढलंत का? तुला फोन करायला जमलं नाही. बाबांच्या फोनवर पाठवलं की झालं, असं तुला वाटलं असेल. मी अख्ख्या तालुक्याच्या वाटणीला आले.

आता आळीत काय चाललंय ते ऐक. आवडाबाई रोज दारात येऊन विचारते, येसू, तुजा सातबारा निगाला का? म्हणते, तुज्या डोळ्यापायी उन्हात बसलो, च्या तरी पाज. चहा पाजते, बिनसाखरेचा, कारण घरात साखरेवर आता तुझ्या आईचा पहारा आहे. आणि तो फ्लेक्स आवडाबाईने तिच्या लाकडांवर पावसासाठी घातलाय. सकाळी दार उघडलं की समोर मी मलाच बघत असते.

पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. तिथे आणखी एक यंत्र, त्यात हनुवटी टेकवायची. ते पडद्याचा उभा छेद दाखवतं, थरावर थर, खरवसाची वडी कापल्यासारखे. डॉक्टर म्हणाले डाव्या डोळ्यात मधे सूज आहे, आणि खरंच, तव्यावर भाकरी फुगते तसा फुगवटा दिसत होता. गेलं ते सगळं परत येईल असं नाही, म्हणाले, पण उरलेलं राखता येईल, वेळ घालवू नका. त्यासाठी सुई. डोळ्यात. मी विचारलं, दंडात नाही चालणार? नाही म्हणाले. मी उठले आणि लुगडं झटकून चालती झाले. घरात सगळे मागे लागलेत, मी सगळ्यांना एकच सांगितलंय की डोळा माझा आहे आणि मी इंचभर देणार नाही. तूही त्या सगळ्यांच्या बाजूने फोन करू नकोस. उचलणार नाही. मी मीटिंगमध्ये असेन.

तुझ्यावर फार रागावलेली,
येसूबाई
(अंगठा मीच उमटवलाय, तुझ्या आईने नाही.)

ता. क. – वरचं सुईचं लिहिलंय ते घरच्यांसाठी आहे, कारण तुझा बाप पत्र टपालात टाकायच्या आधी वाचणार. हे वेगळ्या चिठ्ठीवर त्याच्या पाठीमागे लिहायला लावते आहे, त्याचं वाचून झालं की पाकिटात सरकवीन. अमावास्येनंतरच्या गुरुवारची तारीख मी तुझ्या आईला गुपचूप घ्यायला लावली आहे. मी जाणार. पण तू ये. डॉक्टर काय बोलतात ते मला दुसऱ्या कोणाकडून ऐकायचं नाही. भिंतीवर तुझा पदवीचा फोटो आहे ना, तो मी उजवा डोळा झाकून बघते. चौकट दिसते, खिळा दिसतो, कडेचा पडदा दिसतो. मधे तू असतोस तिथे काही नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या आईला आत्ता लिहिताना कळलं आणि ती लिहायची थांबली आहे. लिही गं. त्याला म्हणावं, उजवा चांगला आहे तोवर एकदा समोर येऊन उभा राहा, नीट बघून घेते. हलू नको म्हणेन तेव्हा हलायचं नाही.

आणखी ता. क. – तुझ्या कंपनीकडून बिनसाखरेच्या बिस्किटांचा खोका आला. कोंबड्यांना घातला, त्या हुंगून निघून गेल्या. तिकडची तांदळाची तिखट कडबोळी मिळतात ती मोठा डबा भरून पाठव. डब्यावर तुझ्या आईचं नाव घाल, माझं बघितलं की तुझा बाप फोडतो. दात माझे शाबूत आहेत, त्यांचा फोटो काढायला कोणाला पाठवू नकोस. नुसती कडबोळी पाठव.