शेवटच्या कडव्यातलं नाव

बदनापूर,
२१ एप्रिल २०२५

राजानंद,

तू बोलत असतानाच मी फोन कापला. रेंज गेली नव्हती. उरलेलं लिहून कळवते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. घरी सगळे बरे असतील, असं धरून चालते.

आष्टीच्या भीमजयंतीतला तुझा व्हिडिओ शाळेत पाहिला. शीतल मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं लावला होता. गाणं माझ्या वडिलांचं. चालही त्यांचीच. शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं, तिथं तू म्हणालास:

'राजानंद म्हणे, लेकीला शाळंत धाडा.'

मूळ ओळ 'कचरू म्हणे' अशी आहे. चार मात्रांच्या जागी तू सात कोंबल्यास. ढोलकीवाला अडखळला. तेवढा एक प्रामाणिक निघाला.

बावीस वर्षं तू बाबांच्या मागं कोरस धरलास. आमच्या घरी जेवलास. ते जाऊन वर्ष झालं नाही, आणि त्यांच्याच गाण्यातून तू त्यांना बाहेर काढलंस. तुझ्या स्वतःच्या चार ओळी कुणाला येतात?

फोनवर म्हणालास, "ताई, शाहिरांनीच सांगितलं व्हतं. म्हणले, पोरीला माझ्या नावाची लाज वाटती, तू तुझं टाक."

खोटारडा आहेस. मी आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "त्यो कशाला खोटं बोलंल? मी तिथंच व्हते." मग वर न बघताच, "तुम्हाला ठाव असंल ना, मॅडम."

शाळेत हजेरी घेताना 'भावना कचरू' म्हटलं की वर्ग हसायचा. कधी मास्तरही. एवढंच आहे. एवढ्यावरून त्यांचं नाव खोडायचा हक्क तुला मिळत नाही.

उद्या पोलीस ठाण्यात तुझ्याविरुद्ध अर्ज देणार आहे. बुद्धपौर्णिमेला तू धावड्याला गाणार आहेस, असं कळलं. मी पुढच्याच रांगेत असेन. पुन्हा स्वतःचं नाव घेतलंस, तर सगळ्यांसमोर माईक काढून घेईन.

शाहीर कचरू यांची मुलगी,
भावना

२२ एप्रिल, सकाळ

ठाण्यात जाऊन आले. हवालदारांनी अर्ज वाचला, आधार कार्ड मागितलं.

"यात तर भावना किशोर आहे. कचरू कोण?"

"माझे वडील."

"मंग किशोर कोण?"

नोकरी लागल्यावर मी गॅझेटमध्ये वडिलांचं नाव 'कचरू'चं 'किशोर' करून घेतलं होतं. नावबदलाचा तो अर्ज बाबांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले होते, "चांगलं नाव हाय."

हवालदारांकडून अर्ज परत घेतला. पत्र मात्र पेटीत टाकते आहे.