घोड्यावरचा मामा

आये,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. इतक्या लांबून ठेवलेलंही पोचत असेल ना? विनोद, हे आयेला सावकाश वाचून दाखव.

मी बरी आहे. इथे वेल्समध्ये मी काम करते त्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या मला जीव लावतात.

रविवारी समुद्राकाठचा जुना किल्ला बघून आले. वारा डहाणूसारखाच खारट, पण बर्फासारखा गार. किल्ल्याजवळ ब्राँझचा मोठा घोडा आहे. त्यावर इथल्या पुराणातला राजा बसलाय आणि त्याच्यासोबत त्याच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे मामा-भाचाच! मला आपला चिमणमामा आठवला. मला साप चावला तेव्हा पाड्यावरून तलासरीच्या दवाखान्यापर्यंत पाठीवर घेऊन धावला होता.

मी बूट काढले आणि तू बांधून दिलेल्या नव्या तांदळाचे चार दाणे घोड्याच्या पायाशी ठेवले. एका बाईने विचारलं, "पाखरांसाठी का?" लाजून हो म्हटलं. तर खरंच एक पाखरू आलं आणि सगळे टिपून गेलं. म्हटलं, देवाला पोचलं.

मामाचे गुडघे कसे आहेत? फोनवर नुसतं 'बरे' म्हणता तुम्ही. खरं सांगा.

विनोद, मामा शेजारी बसला असेल तर पुढचं मोठ्याने वाचू नको. घोड्यावरचा तो भाचा मेलेला आहे. मला तिथेच रडू आलं.

आये, तो राजा घोड्यावर होता, आपला मामा पायी. तरी वेळेवर आपलाच पोचला.

तुझी,
दक्षा