घराला एकच बारी

आय, त्या सकाळी मी पाणी भरून आले तेव्हा तू अंगणात सुकत घातलेला जवळा उलथत होतीस. ऊन अजून खाडीवरच होतं. मी हंडा उतरवला, चूल पेटवली, भाकरीची उकड काढली, आणि तू खराट्याने जवळा सारखा करत पुढे सरकत होतीस. रोजचंच होतं सगळं. फक्त डावा पाय तू टाचेवर टेकत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, जाळ्यातल्या शिंगाळ्याचा काटा लागलाय, हळद भरलीय, जाईल. ओट्यावर पायलीभर जवळा वेगळा काढलेला होता, शिंपल्या निवडून, एकसारखा. त्याला हात लावू नको, तो पेटीचा हाय, असं तू मला बजावलंस.

आपल्या सारसोळ्यात दवाखाना सुरू झाला तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी ती पेटी काढली होती. नेरूळच्या इमारतींचे तेव्हा नुसते पाये खणलेले होते. पाऊस लागायच्या आत, आगोटीच्या आधी, प्रत्येक घराने पायलीभर सुका जवळा द्यायचा, नसेल त्याने तेवढे पैसे. तो बाजारात विकायचा, आणि वर्षभरात ज्याला हॉस्पिटलात ठेवावं लागेल त्याचा खर्च त्यातून करायचा. माझा नवरा काविळीने गेला तेव्हा सासरच्या गावात असं काही नव्हतं. आधी जाळी विकली, मग माझ्या कानातलं, मग होडीतला वाटा. विकायला काही उरलं नाही आणि तोही उरला नाही, तेव्हा मी तुझ्याकडे आले. म्हणून पेटीचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नाही.

आपल्या बायकांना भिशी ठाऊक होती. ही पण तसलीच, असं सगळ्यांनी धरलं. पहिलं वर्ष सरत आलं तशी शेजारची काकी लुगड्याचं गाठोडं घेऊन दवाखान्यात जाऊन बसली. बाईंनी विचारलं, काय होतंय? काकी म्हणाली, होत काय नाय, पन वरीस संपत आला नि माझी बारी आली नाय, मना चार दिस खाटेवर झोपवा. बाई हसल्या, आम्ही हसलो, तू तर डोळ्यांना पदर लावून हसलीस. मग बाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, आजारी नसेल त्याला यातून काही मिळत नाही, आणि तसं न मिळणंच चांगलं. एवढं सगळ्यांना पटलं. एका घराला किती वेळा मिळतं, हे कोणी विचारलं नाही. भिशी एकदाच उचलतात. त्यात विचारायचं काय?

पुढच्या वर्षी माझं अपेंडिक्स सुजलं आणि ऑपरेशन झालं. घरी आले तेव्हा मी आधी तुझ्या कानांकडे पाहिलं. कुड्या जागच्या जागी होत्या. होडीसुद्धा आपलीच होती. तू मला पेज भरवलीस आणि म्हणालीस, "सगल्या गावाचा जवला तुझ्या पोटात गेला. आता नीट जग." मी पडून होते त्या दिवसांत सुकी मासळी बांधायच्या रद्दीवरून अक्षरं लावायला शिकले. तू येता-जाता म्हणायचीस, वाच वाच, त्यात म्हावऱ्याचा भाव काय लिवलाय तो पन वाच.

काटा लागल्यापासून पायाचं मी रोज विचारते. तू रोज सांगतेस, कमी हाय. पाय लुगड्याखाली घेऊन बसतेस. सूज घोट्याच्या वर चढली. वास यायला लागला असणार, पण मासळीच्या घरात वास कोणाला कळतो. दवाखान्यात चल म्हटलं की तू म्हणायचीस, आगोट होऊ दे. मला वाटलं, तुला सुईची भीती आहे. शेवटी मी बाईंनाच घरी घेऊन आले.

बाई उंबऱ्याशी बसतात, तुझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतात. मग विचारतात, मावशी, दरवर्षी जवळा देता, मग दवाखान्यात का आला नाहीत?

"आमची बारी झायली, बाई. पोरीच्या वखताला उचलली. आता दुसऱ्याची उचलू काय?"

बाई माझ्याकडे बघतात. मी तुझ्याकडे बघते.

"मावशी, याला बारी नसते. जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा मिळतं."

"मंग सगल्यांनी दोन-दोन डाव उचलला तर पेटी बुडल."

"सगळी घरं एकदम आजारी पडत नाहीत. होड्या काय सगळ्या एकदम बुडतात?"

"वादल आला का बुडतात," तू म्हणालीस.

आपण दोघी हसलो. तुझं ते शेवटचं हसणं होतं.

त्याच दिवशी तुला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात साखर आहे, कधीची कोण जाणे, म्हणून काटा बरा झाला नाही. पाय गुडघ्याखालून काढला. तरी विष वर गेलंच होतं. ऑपरेशन, औषधं, गाडी, सगळं पेटीतून भरलं गेलं. मला काही विकावं लागलं नाही. लोक म्हणाले, तेवढं तरी बरं. मी हो म्हणाले. मला तेव्हा काही वाटत नव्हतं. बर्फात फार वेळ हात घातला की बोटं दुसऱ्या कोणाची वाटतात, तसं होतं. इतकी वर्षं झाली, अजूनही फारसा फरक नाही. कामं होतात, वाचन होतं. तुझ्या पायाचा विचार मात्र सरळ करता येत नाही. तू घाबरली नव्हतीस. दुसऱ्याच्या वाट्याचं घ्यायचं नाही, एवढंच तुझं होतं. त्यात मी तुझी चूक काढू शकत नाही, आणि ते बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

तू गेलीस त्या दिवशी बायका येऊन बसल्या. संध्याकाळी काकी माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, सुनेचा ताप उतरत नाय, काल तर उठली पन नाय. मी म्हटलं, मग दवाखान्यात का नेली नाहीस? तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. म्हणाली, "आमची बारी तिच्या बालंतपनात गेली ना."

आय, हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. तुझं सुतक मी पाळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या घरात शिरले, तिच्या सुनेला उठवलं आणि दवाखान्यात घेऊन गेले.