डोंगर, तळं आणि आईचा पलंग

३ ऑगस्ट, रविवार
आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ६ ऑक्टोबर, लातूरमध्येच. नंतर सहा आठवडे ती माझ्याकडे राहील. कारणं योग्य आहेत. माझं घर तळमजल्यावर, संडास कमोडचा, फिजिओथेरपिस्ट दोन गल्ल्या सोडून. उमरीला धम्मानंददादाकडे संडास अंगणापलीकडे आणि उकिडवं बसायचा. डॉक्टरांनी ते बंद केलंय.
आतली खोली रिकामी करायची. तिथे संग्रह आहे: जुनी निसर्गचित्रं नऊ, मर्यादित आवृत्तीची सचित्र पुस्तकं चौदा. पलंगही आहे. पुस्तकं सध्या त्यावर.
दोन महिने आहेत. भरपूर.
ठराव: तोवर एकही नवीन चित्र किंवा पुस्तक घ्यायचं नाही. मी संग्राहक आहे. हावरट नाही.

१० ऑगस्ट, रविवार
औशाला गेले. फक्त एका फ्रेमची काच बदलायला.
मकसूदभाईंच्या दुकानात एक आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्याच्या पाठीला कापड ठोकलेलं. कापडावर डोंगर, धुकं, आकाश. रंग उडालाय, पण हात सराईत.
विकत मागितला. मकसूदभाई म्हणाले, मॅडम, आरसा पुढून हाय, तुम्ही पाठ बघून राहिल्या. मी म्हणाले, पाठच हवी आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग चहा सांगितला. विकणाऱ्याला वस्तूची किंमत कळत नसणं ही संग्राहकाची संधी. चेहरा कोरा ठेवला.
ठराव मोडलेला नाही. ठरावात चित्रं आणि पुस्तकं आहेत. आरशाची पाठ नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
मकसूदभाईंकडे त्याच कापडाचे आणखी तीन तुकडे निघाले. तिन्ही फ्रेमांच्या पाठीलाच. घरी आणून जमिनीवर जुळवले. ब्रशचा फटकारा एका तुकड्यातून दुसऱ्यात सलग जातो. फरक अर्धा मिलिमीटर. म्हणजे हे एकच प्रचंड चित्र होतं आणि कुणीतरी ते कापलं. एवढं मोठं काम दरबारी चित्रकाराशिवाय कोण करणार? वहीत नोंद: निजामकाळ, अंदाजे १९२०.
मकसूदभाईंचं म्हणणं एवढंच की नांदेडहून गठ्ठा आला होता आणि कापड मजबूत आहे, खिळा धरतं.
दादाचा फोन. खोली रिकामी झाली का? काम सुरू आहे म्हणाले. खोटं नाही. काम सुरूच आहे.

६ सप्टेंबर, शनिवार
ज्योत्स्नावहिनी कामानिमित्त लातूरला आली होती, जेवायला थांबली. ती उमरीच्या शाळेत ग्रंथपाल आहे. तिला संग्रहातलं सर्वांत दुर्मीळ पुस्तक दाखवलं: गोदाकाठचे पक्षी, रंगीत चित्रांसह. पहिल्या पानावर शाईने प्रत क्रमांक २१४.
वहिनी म्हणाली, हा दाखल क्रमांक आहे. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकावर टाकतात, ती स्वतः रोज टाकते. मग खाली बोट ठेवून खरवडलेला गोल शिक्का दाखवला.
मी म्हणाले, मर्यादित आवृत्त्या ग्रंथालयांनाही जायच्या. ती म्हणाली, हो का. आणि विचारलं की आईंची बॅग कुठे ठेवणार.
मुद्दा संपला की लोक विषय बदलतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी २.१०, लॅब
तेल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी असण्याचा हा फायदा. खालच्या बाजूच्या मधल्या तुकड्यावर एक काळपट, चकचकीत डाग आहे. मी त्याला संध्याकाळची सावली समजत होते. कापसाने नमुना घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मशीनला लावला.
निकाल: तेल. तैलचित्र सिद्ध झालं.
एक अडचण. लॉरिक अॅसिड ४७ टक्के. तैलरंग जवसाच्या तेलात करतात, त्यात ते नसतं. एवढं प्रमाण खोबरेलात असतं. खोबरेल वाळत नाही, त्यामुळे त्यात रंग कालवून चित्र काढणं अशक्य आहे.
तरी त्याने काढलं. तंत्र दुर्मीळ. यावर लेख लिहिता येईल.

२८ सप्टेंबर, रविवार
मकसूदभाईंकडचे आणखी दोन धरून सहा तुकडे झाले. आठ फूट बाय नऊ फूट. डोंगर, तळं, दोन राजहंस, उजवीकडे पांढरा कठडा आणि तीन पायऱ्या. कठडा निसर्गचित्रात का, हे अभ्यासावं लागेल.
एवढी भिंत फक्त आतल्या खोलीत आहे. पूर्ण दिसायला तीन मीटर अंतर लागतं. मध्ये पलंग येतो. सुतार बोलावून पलंग खोलला आणि गच्चीवरच्या खोलीत ठेवला. घरमालकांची हरकत नाही. तात्पुरतं आहे.
आईला हॉलमधला दिवाण. डॉक्टरांनी उंची पन्नास सेंटिमीटर सांगितली आहे, दिवाण छत्तीस आहे. फरक चौदा. दोन गाद्यांनी भरून निघेल.

११ ऑक्टोबर, शनिवार
आई घरी आली. ऑपरेशन व्यवस्थित.
गाद्या दबतात. वजन धरल्यावर उंची एकेचाळीस. हे मोजायला हवं होतं. उठवायला दोघं लागतात, मी आणि दादा. आईने ओठ आवळले. थोड्या वेळाने विचारलं, पलंग कुठं गेला. मी म्हणाले, चित्र लावलंय. ती म्हणाली, बघू दे.
वॉकर टेकत दारापर्यंत गेली. बराच वेळ उभी राहिली. मग हसायला लागली. टाके दुखतील म्हटलं तरी थांबेना.
"अगं बाई, हा तर नांदेडच्या फोटोवाल्याचा पडदा."
मी वही उघडली.
"तुझ्या बाबांकडं पाठवायचा फोटो माझा इथंच काढला. त्या कठड्यापाशी उभी केली होती. मग खुर्चीवर बसवून एक. फोटो म्हणून समद्या पोरी खोबरेल चोपडून यायच्या, आन् फोटोवाला म्हणायचा, डोकं मागं टेकव. ते काळं दिसून राहिलं न्हाई का, ते आम्हा समद्यांच्या डोक्याचं हाय."
दादा बाहेर गेला. हसू आवरायला असावं.
वहीतलं १९२० खोडून १९८८ केलं, आईच्या लग्नाचं वर्ष. मालकी-इतिहासात आईची साक्ष नोंदवली. प्रत्यक्ष साक्षीदार सापडणं क्वचितच घडतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
दादा सोमवारी परत गेला. आता आईला उठवायला मी एकटी. सकाळी जमलं. दुपारी मी लॅबमध्ये होते, आई साडेतीन तास एकाच कुशीवर पडून राहिली. पाणी टेबलावर होतं. हात पोचत नव्हता.
फिजिओथेरपिस्टने विचारलं की घरात उंच पलंग नाही का. मी रविवारी व्यवस्था करते म्हणाले. सुतार सुट्टीच्या दिवशीच येतो.
संध्याकाळी आईनेच दादाला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. ऐकायचा हेतू नव्हता.

१८ ऑक्टोबर, शनिवार
दादा गाडी घेऊन आला. भोक पाडलेली उंच खुर्ची आणली आहे म्हणे, आणि अंगणात न जाता खोलीतच सोय केली आहे. वहिनीने पंधरा दिवस रजा टाकली.
मी म्हणाले, पलंग उद्या लावते, सहा आठवडे ठरले होते. दादाने माझ्याकडे बघितलं नाही. औषधांची पिशवी तपासत राहिला.
गाडीत बसताना आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "पडदा लई चांगला हाय, पोरी. पर त्याच्या म्होरं फोटोपुरतंच थांबायचं असतंय."
रागावली नव्हती. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं.

२ नोव्हेंबर, रविवार
सुतार आला. पलंग जोडायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस. पलंगासाठी जागा करायला पडद्याचे खालचे दोन तुकडे उतरवले. उंची मोजली: एकावन्न. डॉक्टरांच्या आकड्यापेक्षा एक जास्त, चालतं.
उमरीला फोन केला. वहिनीने घेतला. आई वॉकरशिवाय फाटकापर्यंत जाते. मी सांगितलं, पलंग लावलाय, उरलेले आठवडे इथे काढता येतील. वहिनीने आईला विचारलं. मागून आईचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. वहिनी म्हणाली, त्या म्हणतात आता इथं जमून गेलंय, तू जेवत जा वेळेवर.
चादर नवीन घातली होती. तिच्यावर ते दोन तुकडे पसरून ठेवले आहेत. घडी घातली तर रंग तडकतो.
तात्पुरतं आहे.