अनोळखी स्त्री आणि टिप्सी

प्रिय फ्लोरा,

होरेस बॅगशॉने कुत्रीचं नाव सांगितलं आणि तू ते निमूटपणे टाइप केलंस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोपर्यंत मी या गावावर नुसता वैतागलेलो होतो. त्यानंतर मला त्याची शिसारी आली. आणि त्या शिसारीत तूही आलीस, याचा मला अजून राग येतो. तुझ्यासाठी मी मँचेस्टरचं कॉलेज अर्धवट टाकून आलो होतो. इतिहास शिकत होतो, आठवतंय ना? तू वडिलांना मदत करायला गावी परतलीस आणि मला एकदम वाटलं की इतिहास काय, गावातही असतो.

ती 'आठवणींची संध्याकाळ' तुला छान वाटली असेल. चॅपलचा हॉल भरलेला, किटल्या उकळताहेत, आणि पडद्यापुढे तुझे वडील, त्या मोहरीच्या रंगाच्या पँटीत. सरेमध्ये जन्मभर लोकांचे विमे उतरवले, इथे येऊन दहा वर्षं झाली नाहीत, आणि हॉलोफील्डचा इतिहास लिहायला हेच! "मंडळी, मी नुसता हमाल. इतिहास तुमचा आहे," असं म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना हलवल्या. मला वाटलं, हमाल निदान ओझं उचलायच्या आधी विचारतो तरी कुणाचं आहे म्हणून.

मग फोटो सुरू झाले. एकेक फोटो यायचा, हॉलमधून नावं यायची, तू लॅपटॉपवर लिहायचीस आणि ती पडद्यावर उमटायची. सगळ्यांत जास्त होरेस ओरडत होता. "डावीकडचा तो आर्थर! दोन ग्लास झाले की चर्चच्या घंटेशी गप्पा मारायचा!" "ती मिनी, हिने माझ्या भावाला नाही म्हटलं, देवाची कृपा, मिनीवर!" लोक हसून हसून लाल झाले होते. आणि मग तो फोटो आला. खाणीच्या संपाच्या आदल्या उन्हाळ्यातला. विहीर सजवायच्या उत्सवात पाकळ्यांची चित्रं लावतो त्या फळ्यांसाठी चिखल तुडवणं चाललंय, घमेल्यात एक तरुण बाई उभी, स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचलेला, निळा ॲप्रन, तोंडभर हसू. शेजारी एक ठिपक्यांची कुत्री.

हॉल गप्प. इतका गप्प की मागच्या किटलीचं झाकण वाजलेलं ऐकू यायला लागलं. मग होरेस म्हणाला, "ती कुत्री टिप्सी. खाटकाची. रोज एक सॉसेज पळवायची आणि खाटीक रोज पहिल्यांदाच घडल्यासारखा ओरडायचा." सगळे हसले, गरजेपेक्षा जास्तच हसले. तुझ्या वडिलांनी विचारलं, "आणि ही बाई?" होरेसने छताकडे पाहिलं. "नाही बुवा. काही डोक्यात येत नाही." तुझे वडील किती मनापासून हळहळले! "बघा, काळ कसा पुसून टाकतो. फ्लोरा, लिही, अनोळखी स्त्री." आणि तू लिहिलंस. एकेक अक्षर पडद्यावर उमटलं. अनोळखी स्त्री आणि टिप्सी.

ती अनोळखी स्त्री शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती, फ्लोरा. चांगला कोट घालून. मीच आणली होती. "आजी, आता कोण लक्षात ठेवतंय?" असं म्हणून तिला आठवडाभर छळलं होतं. मी उठणार होतो, आठवतंय मला, तोंडात शिवीही तयार होती. तिने माझा हात मांडीवर दाबून धरला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बस खाली. केक संपू दे." आणि तिने तो केक संपवला. कणनकण.

तुझ्या वडिलांना वाटलं, गाव विसरलं. बाहेरून आलेला माणूसच अशी चूक करू शकतो. आमच्या या गावात कुणी काही विसरत नाही, म्हणून तर ते गप्प बसतात. संपाच्या त्या हिवाळ्यात माझी आई तान्ही होती, छातीत कफ, घरात जाळायला कोळसा नाही, कोळशाच्या गावात! आजोबा पोलिसांच्या गाडीतून खाणीत कामावर गेले. संप मोडला. पुढे सगळेच गेले, पण हे आधी गेले, एवढंच. तेव्हापासून कुणी आजीशी बोललेलं नाही. आजोबा वारले तेव्हा शवपेटी उचलायला शेजारच्या गावातून माणसं आणावी लागली. इथे बसचा ड्रायव्हर परक्यालाही लाडाने 'डक' म्हणतो, तिकीट तपासनीसाला म्हणतात, भटक्या मांजराला म्हणतात. तिला दुकानात नुसती पिशवी सरकवतात. आणि हीच बाई आधी दरवर्षी चिखल तुडवायला पहिली उतरायची. म्हणे तिच्या पायांखालचा चिखल लोण्यासारखा व्हायचा. हे होरेसनेच एकदा पबमध्ये सांगितलं, दारूत, नाव न घेता.

हे सगळं तुला माहीत होतं. तुला आजीच्या स्वयंपाकघरात बसवून मी सांगितलं होतं. तू तिच्या हातच्या ओटच्या पोळ्या बेकनबरोबर खाल्ल्यास, आणखी मागून खाल्ल्यास, आणि तिचा हात हातात घेऊन म्हणालीस, "ॲनिस, तुम्ही किती सोसलंत." किती गोड म्हणालीस! नंतर हॉलबाहेर मी तुला धरलं तेव्हा काय म्हणालीस? "रूबेन, ओरडू नकोस ना. होरेसकाकांकडे फोटोंची अख्खी ट्रंक आहे. ते रुसले तर बाबांचं पुस्तक बसलंच. आणि तुझी आजी तरी कुठे काही बोलली?" एका ट्रंकेसाठी! मला वाटलं होतं तू भित्री असशील. भित्रं मला चालतं, मी प्रेमात होतो. तू हिशेबी निघालीस.

आणि तरी, बघ माझी लाज, तू दोन दिवसांनी कुंपणापाशी येऊन म्हणालीस, "किती फुगून बसशील? चिखल तुडवायला ये, तुझ्यासारखे पाय कुणाचे नाहीत," आणि मी आलो. माझ्या पायांना स्वाभिमान नाही. तळ्यात भिजत घातलेल्या फळ्या वाहिल्या, मीठ घालून चिखल तुडवला, थापला. उत्सवाच्या समितीने यंदा फळीसाठी चित्र कुठलं निवडलं? तोच फोटो. 'जुनं हॉलोफील्ड'. समितीतल्या त्या मिसेस क्रॉक्सफर्डने तर चष्मा सावरत म्हटलं, "काय निरागस काळ होता!" मी आणि तू शेजारी गुडघे टेकून बसलो आणि आजीच्या ॲप्रनला पाकळ्या लावल्या, कौलांसारख्या, एकीवर एक. निळी हायड्रेंजियाची फुलं आजीच्याच बागेतली. मागितलीही नाहीत कुणी, फाटकावर रिकामी टोपली अडकवून गेले. तिने भरून दिली. मी म्हटलं, "कशाला देतेस?" तर म्हणाली, "निळा दुसऱ्या कुणाकडे चांगला नाही."

मी का बसलो तुझ्या शेजारी इतके दिवस? कारण मला खात्री होती, तू शनिवारच्या उत्सवाआधी ते 'अनोळखी स्त्री' बदलशील. तुझी बोटं माझ्या बोटांना लागायची आणि मला वाटायचं, आज सांगेल वडिलांना. आज नाही तर उद्या. आजी काही म्हणत नाही, पण तिने तो चांगला कोट कपाटात परत ठेवलेला नाही, दाराशीच टांगलाय. उद्या शनिवारी पाद्रीबुवा, बँड आणि अख्खं गाव विहिरीपाशी येईल. तिला एकदा, फक्त एकदा, चारचौघांत स्वतःचं नाव ऐकायचंय.

आज सकाळी चित्राखाली लावायची छापलेली पाटी आली. तूच उघडलीस. 'अनोळखी स्त्री आणि टिप्सी.' तू म्हणालीस, "अक्षर छान आलंय, नाही?"

आता सगळे पबमध्ये मटणाची पाई खायला गेलेत आणि मी फळ्यांच्या या कोठारात एकटा आहे. म्हणून हे पत्र. तू परत येशील तेव्हा किंचाळशील, त्याआधी हे वाच. मी आजीला फळीवरून काढलंय. थापीने, कडेकडेने, नीट. घमेलं आहे, टिप्सी आहे, मागची टेकडी आहे, आणि मधोमध बाईच्या आकाराचं उघडं लाकूड आहे. गावाला ती नको होती ना? मग चित्रालाही नको. उद्या डर्बीहून, शेफील्डहून बसगाड्या भरून लोक येतील आणि प्रत्येक जण विचारेल, इथे कोण होतं? टिप्सीचं नाव सांगून भागणार नाही. होरेसला सांग, छताकडे बघ म्हणावं, उघड्यावर छत नसतं.

बुजवायचं असेल तर वेळ आहे. चिखल मी नेलेला नाही, दाराशी बादलीत आहे, ओल्या गोणपाटाखाली. पण निळी पाकळी मी एकही ठेवलेली नाही, आणि तसा निळा एकाच बागेत आहे. रिकामी टोपली अडकवून या वेळी चालणार नाही, फाटकाला मी आज कुलूप लावून किल्ली आजीच्या हातात देऊन आलोय. फाटक वाजवावं लागेल. ती विचारेल, कोण पाहिजे? तेव्हा तिला नावाने हाक मारावी लागेल, रस्त्यावरून, लोकांदेखत. तू मार, नाहीतर तुझ्या वडिलांना मारू दे. ती कोट घालूनच दार उघडेल. हे सांगायला लिहिलं, बाकी सगळा माझा संताप आहे, तो फाडून टाकलास तरी चालेल.

मी दुपारच्या बसने शेफील्डला जातोय, गोदामात काम मिळालंय. पत्र तुझ्या ॲप्रनच्या खिशात ठेवतो, खुंटीवर आहे तो. बाहेर वारा सुटलाय. दार उघडं टाकून जावं असं फार मनात होतं, तुमचं सगळं जुनं हॉलोफील्ड उडून गेलं असतं. पण टेकडीच्या पिवळ्या पाकळ्या तू लावल्या आहेस. निघालो. दार बाहेरून घट्ट ओढून घेतो.

अजूनही, चीड येते पण, तुझाच,
रूबेन फर्न